वेबसाइटचा खर्च तीन वर्षांचा मांडा, मग कोटेशन वाचा

वाचकाचं पत्र

मी इंदूरला सुदामानगरात घरूनच शिवलेल्या नऊवारी, लहान मुलांची सोवळी-धोतरं आणि मुंजीचे सेट करून देते. महिन्याला पंचवीस-तीस नग होतात. त्यातले आठ-दहा बाहेरगावी जातात, बहुतेक पुणे, मुंबई आणि बेंगळुरूला. नऊवारीचा नग सरासरी 2,800 रुपयांचा. कापड, अस्तर आणि शिवणाऱ्या दोघींची मजुरी जाऊन हातात साधारण 600 राहतात. सगळं काम व्हॉट्सअ‍ॅपवर चालतं आणि रोज संध्याकाळी त्याच त्या प्रश्नांची उत्तरं देण्यात दोन तास जातात. आता मुलं म्हणतात वेबसाइट कर. विजयनगरच्या एका कंपनीने 85,000 अधिक जीएसटी असं कोटेशन दिलंय, त्यात मोबाइल अ‍ॅपही आहे. कोटेशनची प्रत सोबत जोडली आहे. भाच्याच्या ओळखीचा एक मुलगा ‘सगळं मिळून बारा हजारांत’ करून देतो म्हणतो. मी 60,000 बाजूला काढून ठेवले आहेत. काम कोणाला द्यावं? पुढे दरवर्षी किती लागतील? आणि पैसे ऑनलाइन घ्यावेत का?

— एक वाचक, इंदूर

उत्तर

ताई, नमस्कार.

दोन्हींपैकी कोणतंही कोटेशन आहे तसं मान्य करू नका. तुमच्या कामाला हवी ती वेबसाइट पहिल्या वर्षी 38,000 रुपयांच्या आसपास उभी राहते आणि दुसऱ्या वर्षापासून तिला वर्षाला साडेतेरा हजार लागतात. उरलेले बावीसएक हजार हातात ठेवा, त्यांची गरज कुठे पडणार ते पुढे सांगतो. अ‍ॅप नको. वेबसाइटवरची ‘कार्ट’, म्हणजे निवडा-पैसे भरा-मोकळे व्हा ही सोय, तीही आत्ताच नको.

आधी हिशोब. कोटेशनवरचा आकडा हा फक्त सुरुवातीचा खर्च असतो. कंपनीचे 85,000 जीएसटी धरून 1,00,300 होतात. दुसऱ्या वर्षापासून देखभालीचे 15,000 लावलेत, ते करासह 17,700. दोन वर्षांचे 35,400. तीन वर्षांची बेरीज 1,35,700. नगामागे 600 सुटतात म्हणजे हा खर्च नुसता भरून निघायला 227 नग विकावे लागतील, महिन्याला सहाहून जास्त. आणि हे सगळे आजच्या आठ-दहांच्या वर हवेत, कारण आजची बाहेरगावची गिऱ्हाइकं वेबसाइट नसतानाही तुमच्याकडे येतातच. आम्ही सुचवतोय तो खर्च तीन वर्षांत 65,100 होतो. त्यासाठी महिन्याला साधारण तीन नग वाढले की पुरे. गणपती, दिवाळी आणि लग्नसराई धरून हे तीन नग आवाक्यातले आहेत. सहा आहेत असं आज कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही.

आता कोटेशनच्या ओळी. डिझाइन आणि बांधणी 38,500, अँड्रॉइड अ‍ॅप 25,000, सहा महिन्यांचं एसईओ (गूगलच्या शोधात साइट वर आणण्याचं काम) 18,000, एसएसएल 3,500, आणि डोमेन-होस्टिंग (वेबसाइटचं नाव आणि ती जिथे ठेवली जाते ती सर्व्हरवरची भाड्याची जागा) ‘पहिलं वर्ष मोफत’.

एसएसएलचे साडेतीन हजार सरळ खोडा. वेबसाइट आणि गिऱ्हाइकाचा फोन यांच्यातली देवाणघेवाण सुरक्षित ठेवणारं हे प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्टकडून मोफत मिळतं, बहुतेक होस्टिंगवाले ते आपोआप बसवतात आणि आपोआपच नव्याने घेत राहतात. तुमच्यासारख्या साइटला विकतचं घेऊन काही जास्तीचं मिळत नाही.

अ‍ॅपचे 25,000 तर वाया जातील. दोन-तीन वर्षांतून एकदा नऊवारी घेणारी बाई त्यासाठी फोनमध्ये अ‍ॅप उतरवून घेणार नाही. शिवाय अ‍ॅप एकदा करून संपत नाही. गूगल प्लेच्या खात्याला एकदाच 25 डॉलर भरावे लागतात, पण अँड्रॉइडच्या नव्या आवृत्त्यांप्रमाणे अ‍ॅप वरचेवर सुधारावं लागतं. तसं केलं नाही तर नवे फोन घेणाऱ्यांना ते प्लेवर दिसेनासं होतं. दर खेपेला कंपनीचं नवं बिल.

‘गूगलच्या पहिल्या पानावर आणण्याची हमी’ हे वाक्य कोटेशनमध्ये आहे, म्हणून स्पष्ट सांगतो: पहिल्या क्रमांकाची हमी कोणीच देऊ शकत नाही, असं गूगलनेच आपल्या मार्गदर्शनात लिहून ठेवलंय. तुम्हाला हवंय ते गूगल बिझनेस प्रोफाइल, म्हणजे गूगलच्या शोधात आणि नकाशावर दिसणारी तुमच्या कामाची नोंद, आणि ते फुकट आहे. घरून काम करता म्हणून पत्ता झाकून फक्त कामाचा भाग दाखवायची सोय त्यात आहे. पडताळणीसाठी बहुधा व्हिडिओ मागतात. शिलाई यंत्रं, कापडाचे गठ्ठे आणि कामाची जागा एकाच चित्रणात, मध्ये न थांबता दाखवा.

राहिले बांधणीचे 38,500. यात कंपनी स्वतःचं ‘अ‍ॅडमिन पॅनेल’, म्हणजे साइटवरचा मजकूर आणि फोटो बदलायची आतली व्यवस्था, लिहून देणार आहे. उद्या त्यांच्याशी पटलं नाही किंवा कंपनीच बंद झाली तर दुसरा कोणी त्या कामाला हात लावायला तयार होत नाही, सगळं मुळापासून करावं लागतं. वर्डप्रेस मागा. वेबसाइट बांधायचं ते तयार सॉफ्टवेअर आहे, मोफत आहे आणि त्यात काम करणारी माणसं इंदुरात गल्लोगल्ली सापडतात.

भाच्याच्या ओळखीच्या मुलाला नुसतं स्वस्त म्हणून नाकारू नका. त्याला चार प्रश्न विचारा. डोमेन कोणाच्या नावावर घेणार? होस्टिंगचं खातं कोणाचं? थीम (साइटचा तयार साचा) आणि प्लगिन (जादा सोयींचे जोड-प्रोग्रॅम) यांचे परवाने कुठून? बॅकअप, म्हणजे साइटची राखीव प्रत, कुठे ठेवणार? बारा हजारांत बहुतेकदा डोमेन त्याच्याच नावावर असतं, होस्टिंग त्याने घेतलेल्या एका खात्यात वीस-पंचवीस गिऱ्हाइकांसोबत असतं आणि थीम चोरीची असते. चोरीच्या थीममध्ये कोणीतरी आधीच कोड घुसवलेला असतो. तीन-चार महिन्यांनी साइट उघडली की भलत्याच जाहिराती दिसतात, किंवा गूगल लाल पडदा दाखवून लोकांना आत जाऊ देत नाही. साफसफाईचा खर्च मग मूळ कामाइतकाच येतो. मुलगा या चारही प्रश्नांची सरळ उत्तरं देत असेल तर काम त्यालाच द्या, फक्त बारा नको, अठरा हजार द्या आणि पुढे आहे ती यादी लिहून घ्या.

डोमेन तुम्ही स्वतः घ्या, आजच. तुमचा ईमेल, तुमचा फोन, तुमचं कार्ड. डॉट इन नाव तीन वर्षांसाठी करासह साधारण 2,600 रुपयांना पडतं. पहिल्या वर्षाची 99-199 रुपयांची जाहिरात बघू नका, नूतनीकरणाचा दर बघा, कारण तोच कायम राहतो. नावाचं स्पेलिंग ठरवताना दहा जणींना ते फोनवर लिहून दाखवायला सांगा. नऊवारीतल्या ‘व’साठी कोणी व्ही लिहितं, कोणी डब्ल्यू, आणि ‘नऊ’ तर चार तऱ्हांनी लिहिलं जातं. शक्यतो नावात नऊवारी नकोच, तुमच्या कामाचं छोटं नाव घ्या. मुदत संपायच्या महिनाभर आधीची आठवण फोनमध्ये लावून ठेवा. डोमेन चुकलं की काही आठवडे ते नेहमीच्या दरात परत मिळतं, त्यानंतर जबर दंड भरून, आणि त्यानंतर ते कोणीही विकत घेऊ शकतं. नाव गेलं की व्हिजिटिंग कार्डांपासून पिशव्यांवरच्या छपाईपर्यंत सगळं फुकट जातं.

होस्टिंग एका वर्षाचंच घ्या, साधारण 3,500. महिना 149ची पाटी दिसते ती चार वर्षांचे पैसे एकदम भरणाऱ्यांसाठी असते. दुसऱ्या वर्षी हाच खर्च साडेसहा हजारांपर्यंत जाईल हे धरून चाला. सर्व्हर भारतातला निवडा.

आता मुद्द्याची गोष्ट. तुमचे दोन तास खाणारे प्रश्न कोणते? माप कसं घ्यायचं, किती दिवसांत मिळेल, मागून कशी दिसते, आमची साडी पाठवली तर शिवून द्याल का, मुलगा सात वर्षांचा आहे तर कोणता साइज. हे प्रश्न वेबसाइटने झेलले तर तुमचे दोन तास वाचले. म्हणून अठरा हजारांच्या कामात तीन गोष्टींचा आग्रह धरा: चाळीस नग चढवून देणं, ‘माप कसं घ्यावं’ हे स्वतंत्र पान आणि मापांचा फॉर्म. बाकी मुखपृष्ठ, नऊवारी, मुलांचे कपडे, मुंजीचे सेट, नियम आणि संपर्क अशी पानं तयार थीमवर बसतात. त्यांच्या सजावटीवर फार खर्च करू नका.

मापांच्या फॉर्मवर मात्र वेळ घाला. नऊवारीचा प्रकार आधी निवडायला लावा: ब्राह्मणी, पेशवाई, मस्तानी, लावणी. कंबर, सीट, मांडीचा घेर, कमरेपासून घोट्यापर्यंतची लांबी आणि एकूण उंची, प्रत्येक रकान्याशेजारी टेप कुठे धरायची याचा फोटो. सगळी मापं इंचातच मागा. सेंटिमीटरचा पर्याय दिला की निम्म्या जणी चुकीचा निवडतात. आणि प्रत्येक रकान्याला मर्यादा घाला; कंबर 22 ते 52च्या बाहेर गेली तर फॉर्मने पुन्हा विचारावं. सीटचं माप कमरेपेक्षा कमी आलं तरी विचारावं. लांबी अनवाणी घेतली की चप्पल घालून, हा प्रश्न हमखास राहून जातो आणि मग नऊवारी दीड इंच आखूड होते. शेवटी कार्याची तारीख. तारीख आजपासून बारा दिवसांच्या आत असेल तर फॉर्म पुढे जाऊ नये, ‘आधी फोन करा’ असं म्हणावं. बारा हा आकडा तुमच्या शिलाईच्या वेगाप्रमाणे बदला.

फॉर्ममध्ये नेहमी होणारी एक चूक: गिऱ्हाइकाने भरून पाठवला आणि तुम्हाला मिळालाच नाही. वर्डप्रेस स्वतःच्या बळावर ईमेल पाठवतं आणि जीमेल तो स्पॅममध्ये टाकतं. म्हणून कामाच्या यादीत लिहून घ्या की ईमेल एसएमटीपीमार्फत, म्हणजे खऱ्या ईमेल खात्यातून, जाईल, डोमेनला एसपीएफ आणि डीकेआयएम या (ईमेल तुमच्याच डोमेनचा आहे अशी खात्री देणाऱ्या) नोंदी लावल्या जातील, आणि भरलेला प्रत्येक फॉर्म साइटच्या आतही साठवला जाईल. काम हातात घेताना तीन वेगळ्या फोनवरून तीन फॉर्म भरून बघा. पैसे त्यानंतर.

फोटोंना 9,000 ठेवा, आणि हा खर्च कापू नका. बांधणीत दोन हजार वाचवले तर चालतील, फोटोत नाही. चाळीस नगांचे चार-चार म्हणजे 160 फोटो: समोरून, मागून, पदर, आणि काठाचा अगदी जवळून. मागचा फोटो सगळ्यांत महत्त्वाचा, कारण काष्टा कसा बसलाय तेच बाई बघत असते, आणि बहुतेक विक्रेते तोच टाकत नाहीत. यातले बरेचसे तुम्ही घरी फोनवर काढू शकता. एम. टी. क्लॉथ मार्केटातून फिक्या राखाडी रंगाचं, चमक नसलेलं तीन मीटर कापड आणा, पुतळ्यामागे टांगा, दिवसाच्या उजेडाचे दोन एलईडी दिवे स्टँडसह घ्या. हे सगळं 3,000 पर्यंत होतं. उरलेल्या 6,000 मध्ये एक दिवस फोटोग्राफर बोलावून सात-आठ निवडक नऊवारी प्रत्यक्ष नेसवून काढा.

रंगाकडे लक्ष द्या. फोन प्रत्येक फोटोला रंग आपल्या मनाने बदलतो. जांभळी साडी एका फोटोत निळी आणि दुसऱ्यात वांगी दिसते, आणि ‘फोटोत वेगळी होती’ ही तक्रार तिथेच तयार होते. कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये व्हाइट बॅलन्स एकदा पांढऱ्या कागदावर बसवून तो तसाच कायम ठेवा, खोलीतला पिवळा दिवा बंद करा, सुशोभनाची सगळी बटणं बंद. साइटवर चढवताना फोटो 1,200 पिक्सेल रुंद आणि दीडशे-दोनशे केबीचा असावा, वेबपी या हलक्या स्वरूपात. फोनमधला चार एमबीचा फोटो तसाच टाकला तर 160 फोटोंचे 640 एमबी होतात आणि पान उघडेपर्यंत गिऱ्हाईक निघून जातं.

मजकूर स्वतः लिहा, मराठीत आणि सोप्या इंग्रजीत. पण तो छापखान्यातून टाइप करून आणू नका. आपल्याकडे बहुतेक छापखाने कृतिदेव किंवा तसल्याच जुन्या फाँटमध्ये काम करतात. तो मजकूर साइटवर टाकला की अक्षरांची खिचडी दिसते आणि गूगलला त्यातलं काहीच वाचता येत नाही; रूपांतर केलं तरी रफार आणि जोडाक्षरं तुटतात. फोनवर मराठी कीबोर्डने टाइप केलेलं युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे नीट वाचता येणाऱ्या अक्षरांत, असतं, तेच द्या. फाँट ‘मुक्ता’ घ्या, तो मोफत आहे आणि लहान आकारातही स्वच्छ वाचता येतो.

तर पहिल्या वर्षाची बेरीज अशी: डोमेन तीन वर्षांचं 2,600, होस्टिंग 3,500, बांधणी 18,000, फोटो 9,000. झाले 33,100. यावर 5,000 वेगळे ठेवा, साइट चालू झाल्यावर तीन महिन्यांनी करायच्या बदलांसाठी. गिऱ्हाइकं काय विचारतात, कुठे अडतात ते तेव्हाच कळतं, आणि हे पैसे ठेवले नसले तर चुकीचा फॉर्म वर्षभर तसाच राहतो. एकूण 38,100. पुढच्या दोन वर्षांना होस्टिंग 6,500 आणि देखभाल 7,000, म्हणजे वर्षाला 13,500. देखभालीत दर महिन्याला प्लगिन अद्ययावत करणं आणि बॅकअप तुमच्या गूगल ड्राइव्हवर ठेवणं एवढं हवं. वर्षातून एकदा त्या बॅकअपवरून साइट प्रत्यक्ष उभी करून दाखवायला सांगा. न तपासलेला बॅकअप ऐन वेळी अर्धवट निघतो.

पैसे ऑनलाइन घ्या, पण पेमेंट गेटवेशिवाय, म्हणजे साइटवरच पैसे घेऊन देणाऱ्या मधल्या सेवेशिवाय. गेटवेवाले साधारण 2 टक्के आणि त्यावर 18 टक्के जीएसटी घेतात. 2,800 वर ते 66 रुपये होतात. तुमच्या सहाशेतून सहासष्ट गेले म्हणजे कमाईचा नववा हिस्सा गेला. त्याऐवजी फॉर्म आला की तुम्ही किंमत कळवा आणि बँकेचा यूपीआय क्यूआर पाठवा; निम्मे आगाऊ, उरलेले पार्सल निघायच्या आधी. मापाने शिवलेल्या कपड्याला कॅश ऑन डिलिव्हरी कधीच देऊ नका, परत आलेला नग दुसऱ्या कोणाच्या अंगाला बसत नाही. पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट बघून कापड कापू नका. बनावट स्क्रीनशॉट करणं फार सोपं झालंय. बँकेच्या खात्यात रक्कम दिसली की मगच काम सुरू.

पार्सलचा खर्च तुम्ही वजनावर धरत असाल तर तिथेही गळती आहे. खासगी कुरिअरवाले पेटीच्या आकाराचं वजन धरतात: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि बहुधा 5,000 ने भागायचं. 30 बाय 25 बाय 8च्या खोक्याचे 1.2 किलो होतात, आत नऊवारी पाऊण किलोची असली तरी. अर्ध्या किलोच्या टप्प्यांनी दीड किलोचे पैसे लागतात. तीच घडी दाबून 5 सेंटिमीटरच्या चपट्या खोक्यात बसवली तर 0.75, म्हणजे एक किलोचा दर. साइटवर पोहोचवण्याचा खर्च लिहिण्याआधी तुमचं खोकं मोजा.

आता त्या बावीस हजारांची गरज. तुमच्या पत्रात जीएसटीचा उल्लेख कंपनीच्या बिलापुरताच आहे, आणि काळजी वाटावी अशी हीच जागा आहे. मध्य प्रदेशात माल विकणाऱ्याला वर्षाच्या 40 लाख उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही, हे तुम्हाला कोणी सांगितलं असेल आणि ते खरंही आहे; पण ते राज्यातल्या राज्यात विक्रीसाठी. उज्जैन, देवास, भोपाळ चालेल. पुणे, मुंबई, बेंगळुरू ही दुसरी राज्यं, आणि तयार माल दुसऱ्या राज्यात विकणाऱ्याला उलाढाल कितीही असली तरी नोंदणी घ्यावी लागते. ठरावीक हस्तकला वस्तूंना यात सूट आहे, पण यंत्रावर शिवलेले कपडे त्यात बसतात असं गृहीत धरू नका. कम्पोझिशन योजनाही (लहान विक्रेत्यांनी उलाढालीवर कमी दराने ठोक कर भरायची सोय) उपयोगाची नाही, कारण त्यातून परराज्यात माल पाठवता येत नाही. हे आज व्हॉट्सअ‍ॅपवरही लागू आहे. वेबसाइट झाली की ते जाहीर लिहिलेलं असेल, एवढाच फरक.

म्हणून साइटवर किमती टाकण्याआधी सीएकडे जा. एक गोष्ट लेखी विचारा: शिवलेली नऊवारी कराच्या कोणत्या वर्गात येते? ती तयार कपड्यांत धरली गेली तर 22 सप्टेंबर 2025 पासून नगाची किंमत कराशिवाय 2,500 पर्यंत असेल तर 5 टक्के आणि त्याच्या वर 18 टक्के आहे. 2,800 वर 18 टक्के म्हणजे 504 रुपये. ते गिऱ्हाइकाकडून घ्यायचे, की काम थोडं आटोपशीर करून नग अडीच हजारांत बसवायचा, हा निर्णय चाळीस नगांच्या किमती छापून झाल्यावर घेणं फार महागात पडेल. गिऱ्हाइकाने स्वतःची साडी पाठवून फक्त शिलाई घेतली तर ती सेवा ठरते आणि तिचे नियम निराळे, तेही त्याच भेटीत विचारून घ्या. नोंदणी मोफत आहे, पण विवरणपत्रं भरायला सीएला महिना 500 ते 1,000 द्यावे लागतील, वर्षाला 6 ते 12 हजार. होस्टिंगपेक्षा हा खर्च मोठा आहे आणि तो कोणत्याच कोटेशनमध्ये लिहिलेला नसतो. त्यातून मिळणारा फायदा म्हणजे कापडावर आणि वेबसाइटच्या बिलावर भरलेला कर वजा करून मिळतो. त्यामुळे शक्य असेल तर नोंदणी आधी, वेबसाइटचं बिल नंतर.

ऑनलाइन विक्रीचे 2020 चे ग्राहक संरक्षण नियम साइटवर विक्रेत्याचं कायदेशीर नाव, पत्ता, संपर्क, परतीचे नियम आणि तक्रार ऐकणाऱ्याचं नाव मागतात. तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण महिनाभरात द्यायचं असतं. नियमांच्या पानावर स्पष्ट लिहा: मापाने शिवलेला नग परत घेतला जात नाही, शिलाईत चूक असेल तर इतक्या दिवसांत कळवा, दुरुस्ती आणि जाण्यायेण्याचा खर्च आमचा, माप चुकीचं दिलं असेल तर दुरुस्तीचे इतके रुपये. आगाऊ पैसे भरण्याआधी हे पान गिऱ्हाइकाच्या नजरेखालून जाईल अशी खूण फॉर्ममध्ये ठेवा.

बनवणाऱ्याला पैसे तीन हप्त्यांत द्या. सुरुवातीला 5,000, चाळीस नग चढवून साइट तपासायला उघडी झाली की 8,000, आणि शेवटचे 5,000 सगळं हातात आल्यावर. सगळं म्हणजे होस्टिंगचं खातं तुमच्या ईमेलवर, वर्डप्रेसचा मुख्य पासवर्ड, थीमचा परवाना तुमच्या नावे, संपूर्ण साइटची एक बॅकअप फाइल, आणि नवा नग कसा चढवायचा याचं तासाभराचं प्रशिक्षण, फोनवर चित्रित करून. त्याच्यासमोर एक नग तुम्ही स्वतः चढवा. मग त्याचा पासवर्ड बदला आणि देखभालीसाठी त्याला वेगळं खातं द्या. दुरुस्तीच्या किती फेऱ्या धरल्यात तेही आधी लिहून घ्या, दोन पुरतात. उशीर मात्र बहुतेक वेळा मालकाकडूनच होतो, कारण फोटो आणि मजकूर तयार नसतात. ते दोन्ही हातात आल्याशिवाय पहिला हप्ता देऊ नका.

जाहिरातीवर आत्ता खर्च नको. साइट दोन महिने चालली, फॉर्म नीट येऊ लागले की दिवाळीच्या चार आठवडे आधी इन्स्टाग्रामवर दिवसाला 150 रुपये, वीस दिवस, 3,000 रुपयांत एकदा बघा. जाहिरात फक्त पुणे आणि बेंगळुरूपुरती ठेवा. प्रत्येक फॉर्मवर ‘आमच्याबद्दल कुठून कळलं’ हा रकाना असेल तर वीस दिवसांनी उत्तर मिळेल.

कार्टची वेळ येईल ती मुलांच्या कपड्यांमुळे. सोवळी-धोतरं वयाप्रमाणे ठरलेल्या मापांत असतात, त्यात बोलण्यासारखं काही नसतं. असे नग महिन्याला पंधरा-वीस साइटवरून मागवले जाऊ लागले की तेवढ्यासाठी वर्डप्रेसमध्येच वूकॉमर्स हे ऑनलाइन दुकानाचं प्लगिन बसवून घ्या. ते मोफत आहे, बसवण्याचे आठ-दहा हजार लागतील, आणि गेटवेचे टक्के तेव्हा मुलांच्या कपड्यांच्या किमतीत आधीच धरा. शॉपिफायचा, म्हणजे भाड्याने मिळणाऱ्या तयार ऑनलाइन दुकानाचा, सल्लाही कोणीतरी देईल. त्याला महिना दीड-दोन हजार भाडं आहे, आणि त्यांची स्वतःची पेमेंट सेवा भारतात नसल्याने मूळ योजनेत गेटवेच्या वर आणखी 2 टक्के जातात. महिन्याला पन्नास-साठ ऑर्डर असतील तर ते परवडतं. तोपर्यंत नऊवारीला मापांचा फॉर्म आणि तुमचा फोन, एवढंच ठेवा.